एनबीडीइन्फो: डिस्कच्या रिकाम्या जागेचा हिशेब सांगणारे साधन

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा सर्व्हर आणि त्याचा धुळ्याच्या कार्यालयात ठेवला जाणारा बॅकअप या दोन्हींची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. कापसाच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या, गाठींचा साठा, सरकीची विक्री आणि शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याचा हिशेब हे सारे एकाच लिनक्स व्हर्च्युअल मशीनवर चालते. त्या मशीनची डिस्क म्हणजे स्टोरेज सर्व्हरवरील १०० जीआयबीची (गिबिबाइट, जीबीपेक्षा किंचित मोठे एकक) एक साधी इमेज फाइल, म्हणजे साऱ्या डिस्कचा मजकूर धरणारी एकच फाइल. रात्री वजनकाटा बंद झाला की मशीन बंद करायचे, ती फाइल एनबीडीमार्फत, म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस या पद्धतीने, धुळ्याला उघडून द्यायची आणि ५० एमबीपीएसच्या जोडणीवरून धुळ्यातील यंत्राने ती ओढून घ्यायची, अशी व्यवस्था आहे. या व्यवस्थेत एनबीडीइन्फो हे छोटे साधन मला ज्या कारणासाठी घ्यावे लागले आणि आज ते रोज का चालवले जाते, ते सविस्तर लिहीत आहे. नेटवर्कवरील डिस्कचे कोणते ब्लॉक भरलेले आणि कोणते रिकामे, हे सांगणाऱ्या साधनांविषयी मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही, आणि खान्देशातल्यासारख्या मर्यादित जोडणीच्या ठिकाणी तर हा प्रश्न मोठ्या शहरांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम अडचण सांगतो. १०० जीआयबी ५० एमबीपीएसवरून पाठवायचे तर जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी पावणेपाच तास लागतात. सुरुवातीला आम्ही धुळ्याच्या यंत्रावर एनबीडी-क्लायंटने ती डिस्क कर्नलला जोडत होतो आणि डीडी आज्ञेने तिची नक्कल करत होतो. मे महिन्यातील एका रात्री दोनच्या सुमारास जळगावकडची वीज गेली. दिवसभर पंचेचाळीस अंशांच्या घरातील तापमान सोसलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्यांनी चाळीस मिनिटे कशीबशी दम धरला, आणि तीन तासांहून अधिक चाललेली नक्कल अर्धवट राहिली. दुसऱ्या रात्री तेच घडले. तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दिवाणजींनी मला विचारले, "भाऊ, आपला सगळा हिशेब वीस-बावीस जीबीचा आहे असं तुम्हीच सांगता, मग रात्रभर नेमकं जातं तरी काय?" त्या क्षणी माझ्याकडे नेमके उत्तर नव्हते.

उत्तर असे होते की रिकामी जागाही जात होती. लिनक्स कर्नलमधील एनबीडी क्लायंट डिस्कला साध्या ब्लॉक डिव्हाइससारखे उभे करतो. फाइल सिस्टिम बसवून वापरायची असेल तर तेवढे पुरते. पण सर्व्हरला "या पट्ट्यात खरोखर काही आहे का" असे विचारण्याची सोय त्या मार्गात नाही. त्यामुळे डीडी प्रत्येक ब्लॉक वाचते, सर्व्हर प्रत्येक ब्लॉक पाठवतो, आणि कोट्यवधी शून्ये जळगाव ते धुळे हा सुमारे ९० किलोमीटरचा प्रवास रोज रात्री करत राहतात.

एनबीडी हा प्रोटोकॉल जुना आहे. पावेल माखेक यांनी तो १९९७ मध्ये लिनक्ससाठी लिहिला आणि त्या काळी त्यात वाचा, लिहा आणि बंद करा एवढ्याच आज्ञा होत्या. ट्रिम (नको असलेली जागा सोडून देणे), शून्ये लिहिणे आणि ब्लॉकची स्थिती विचारणे या आज्ञा पुढच्या काळात आल्या. स्थिती विचारण्याच्या आज्ञेला ब्लॉक स्टेटस म्हणतात आणि ती "बेस:अ‍ॅलोकेशन" या नावाच्या संदर्भाखाली उत्तर देते. ही आज्ञा वापरून सर्व्हरचे उत्तर माणसाला वाचता येईल अशा रूपात छापणे, हेच एनबीडीइन्फोचे मुख्य काम. हे साधन लिबएनबीडी या मुक्त सॉफ्टवेअर संचात येते. रेड हॅटमधील रिचर्ड जोन्स आणि एरिक ब्लेक हे त्याच्या प्रमुख लेखकांपैकी आहेत. संचातच एनबीडीकॉपी हे नक्कल करणारे साधन आहे आणि पायथॉनमधून तेच सारे करता यावे म्हणून एनबीडीएसएच नावाचे शेलही आहे.

साधन कसे बोलते हे कळण्यासाठी मी सर्वप्रथम एक लहान प्रयोग केला आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने तो करावा असे मला मनापासून वाटते. ट्रंकेट आज्ञेने १ जीआयबीची पूर्ण रिकामी फाइल तयार केली, तिच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ५१२ एमआयबीच्या ठिकाणी, १ एमआयबी खरी माहिती लिहिली, एनबीडीकिट या एनबीडी सर्व्हरच्या फाइल प्लगइनने ती फाइल उघडून दिली आणि एनबीडीइन्फोला "मॅप" हा पर्याय देऊन प्रश्न विचारला. उत्तर तीन ओळींचे आले:

० — ५३६८७०९१२ — ३ — होल, झीरो
५३६८७०९१२ — १०४८५७६ — ० — डेटा
५३७९१९४८८ — ५३५८२२३३६ — ३ — होल, झीरो

पहिला रकाना पट्टा कोठे सुरू होतो ते सांगतो, दुसरा त्याची लांबी बाइटमध्ये, तिसरा प्रकाराचा आकडा आणि चौथा त्या प्रकाराचे शब्दांतले नाव. "टोटल्स" हा पर्याय जोडला की पट्टे न छापता प्रत्येक प्रकाराची बेरीज आणि टक्केवारी मिळते. येथे डेटा ०.१ टक्का आणि होल ९९.९ टक्के. एलएस आज्ञा याच फाइलचा आकार १ जीआयबी सांगते आणि डीयू आज्ञा १ एमआयबी सांगते. दोन्ही खरे बोलतात, पण दोघींनाही फाइल जेथे आहे त्याच यंत्रावर बसून विचारावे लागते, आणि रिकामी जागा नेमकी कोठे आहे हे दोघीही सांगत नाहीत. एनबीडीइन्फो मात्र धुळ्यात बसून जळगावची डिस्क विचारते.

यातील तिसऱ्या रकान्याकडे मी वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो, कारण या साधनाचे सारे मर्म त्या एका आकड्यात आहे. सर्व्हर प्रत्येक पट्ट्याबद्दल दोन बिट पाठवतो. पहिला बिट लागला असेल तर त्या पट्ट्यासाठी मागे जागा राखलेली नाही, म्हणजे तेथे होल आहे. दुसरा बिट लागला असेल तर तो पट्टा वाचल्यावर शून्येच मिळतील. दोन्ही लागले की प्रकार ३. फक्त दुसरा लागला की प्रकार २: जागा राखली आहे, पण वाचले तर शून्ये. फक्त पहिला लागला की प्रकार १: जागा सोडून दिली आहे, परंतु वाचल्यावर काय मिळेल याची हमी नाही. आणि दोन्ही बिट लागले नाहीत की प्रकार ०, ज्याला एनबीडीइन्फो "डेटा" असे नाव देते.

अडचण या शेवटच्या नावात आहे. प्रोटोकॉलच्या नियमानुसार बिट न लागण्याचा अर्थ "जागा भरलेली आहे, किंवा सर्व्हरला तिची स्थिती ठरवता आलेली नाही" असा होतो. आपल्याकडे जमिनीच्या उताऱ्यात गाव नमुना ७ मध्ये मालकी आणि क्षेत्र असते आणि गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. नमुना १२ मध्ये एखाद्या गटापुढे "पडीक" असे लिहिलेले असेल तर ते कोणीतरी पाहून केलेले विधान आहे. पण रकाना कोरा असेल तर शेत पडीक आहे की केळीने भरलेले आहे, हे त्या कोऱ्या रकान्यावरून कळत नाही. कदाचित त्या हंगामात नोंदच झाली नसेल. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करू लागला, तरी कोऱ्या रकान्याचा अर्थ बदललेला नाही. डिस्कचा आकार हा नमुना ७ आणि ब्लॉकचा नकाशा हा नमुना १२ असे धरले, तर प्रकार ३ ही सर्व्हरने केलेली नोंद आहे आणि प्रकार ० हा कोरा रकाना आहे. एनबीडीइन्फो त्या कोऱ्या रकान्यावर "डेटा" असा शब्द छापते, आणि वाचणारा साहजिकच समजतो की तेथे माहिती आहे.

माझी स्वतःची दिशाभूल नेमकी येथेच झाली. डीडी सोडून आम्ही एनबीडीकॉपी वापरायला लागलो, तेव्हा काम तासाभरात होईल अशी माझी खात्री होती, कारण एनबीडीकॉपी आधी ब्लॉक स्टेटस विचारते आणि जेथे शून्ये असल्याची हमी मिळते ते पट्टे वाचतच नाही. प्रत्यक्षात पहिल्या रात्री पुन्हा पावणेपाच तास लागले. सकाळी धुळ्याच्या यंत्रावर डीयूने पाहिले तर नक्कल केलेल्या फाइलने जेमतेम ३९ जीआयबी जागा घेतली होती. म्हणजे जोडणीवरून १०० जीआयबी आले आणि डिस्कवर ३९ उतरले. मधले ६१ कोठे गेले, याचा विचार करण्यात माझे दोन दिवस गेले. शेवटी एनबीडीइन्फोला जळगावच्या डिस्कची टोटल्स विचारली, तेव्हा एकच ओळ आली: प्रकार ०, डेटा, १०० टक्के.

मग उलगडा झाला. ती इमेज फाइल काही वर्षांपूर्वी एका जुन्या स्टोरेज बॉक्सवरून साध्या नक्कल-आज्ञेने आणली गेली होती आणि त्या वेळी प्रत्येक रिकाम्या पट्ट्याच्या जागी खरोखरची शून्ये लिहिली गेली होती. फाइल सिस्टिमच्या लेखी ती शून्ये म्हणजे भरलेली जागाच. सर्व्हर फाइल सिस्टिमला लिनक्सच्या सीक-होल आणि सीक-डेटा या सोयींनी विचारतो. फाइल सिस्टिम म्हणते होल नाही. आणि ब्लॉकच्या आत डोकावून तेथे शून्येच आहेत का हे पाहण्याचे काम सर्व्हरचे नाही. एनबीडीकॉपी मात्र आलेल्या माहितीत सलग शून्ये आढळली की ठिकाणावर पोकळ जागा ठेवते. म्हणून धुळ्याची फाइल ३९ जीआयबीची झाली. पण हे शून्य ओळखण्याचे काम शून्ये धुळ्यात पोहोचल्यानंतर होत होते, आणि जोडणीचा खर्च तोवर होऊन गेलेला होता.

त्या जुन्या स्टोरेज बॉक्सविषयी येथेच एक तक्रार नोंदवतो. त्याच्या पडद्यावर वापरलेल्या जागेचा एक गोल आलेख आणि एक टक्केवारी दिसत असे. ती टक्केवारी मशीनच्या आतील फाइल सिस्टिमची आहे, इमेज फाइलची आहे की खालच्या डिस्कची आहे, हे ना पडद्यावर लिहिलेले होते, ना पुस्तिकेत. विक्री करणाऱ्या कंपनीला मी तीनदा विचारले आणि तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. वापरकर्त्याला एकच सुबक आकडा देऊन त्याचा उगम लपवणाऱ्या साधनापेक्षा, बाइटमधले लांबलचक आकडे छापणारे पण प्रत्येक आकडा कोणाच्या तोंडचा आहे हे ठरलेले असणारे साधन मला कितीतरी अधिक भरवशाचे वाटते.

इलाज दोन टप्प्यांत केला. मशीन बंद असताना फॅलोकेट (fallocate) आज्ञेचा "डिग-होल्स" पर्याय त्या फाइलवर चालवला. तो सलग शून्यांचे पट्टे शोधून तेथे खऱ्या अर्थाने होल पाडतो. त्यानंतर एनबीडीइन्फोने डेटा ३८.९ टक्के आणि होल ६१.१ टक्के असे सांगितले. तरीही मशीनच्या आत पाहिले तर वापरात २२ जीबीच्या आसपासच माहिती होती. उरलेला फरक पुसून टाकलेल्या फाइलींचा होता: जुन्या हंगामातील वजनकाट्याचे फोटो काढून टाकले तरी त्यांचे ब्लॉक डिस्कवर तसेच पडून होते, आणि त्यांत शून्ये नसल्यामुळे डिग-होल्सला ते ओळखता येणे शक्यच नव्हते. मशीनच्या डिस्कला डिस्कार्डची, म्हणजे नको असलेली जागा सोडून देण्याची, परवानगी दिली, आत एफएसट्रिम ही रिकामे ब्लॉक खाली कळवणारी आज्ञा चालवली, आणि नकाशा पुन्हा काढला. या वेळी डेटा २१.८ टक्के आणि होल ७८.२ टक्के. त्या रात्री नक्कल तास-सव्वा तासात पूर्ण झाली, म्हणजे वीज गेली असती तरी सारा वेळ वाया गेला नसता. दिवाणजींना मी टोटल्सच्या त्या दोन ओळींचा कागद दिला आणि "रात्रभर काय जातं" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत पूर्ण झाले.

या प्रसंगात एनबीडीइन्फोने केलेले काम मोजके होते, पण ते दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या सरळपणे झाले नसते. तिने सर्व्हर काय म्हणतो तेवढेच सांगितले. तिने डिस्क वाचून स्वतःचा अंदाज बांधला नाही. नक्कल करणारे साधन ज्या उत्तरावर निर्णय घेते, नेमके तेच उत्तर तिने माझ्यासमोर ठेवले, आणि म्हणूनच दोष नक्कल करणाऱ्या साधनात नसून मूळ फाइलमध्ये आहे हे ठरवता आले.

पर्यायी साधनांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील क्यूएमू-आयएमजी या साधनाचा "मॅप" हा उपप्रकार पुष्कळांच्या हाताशी असतो आणि तो एनबीडीच्या पत्त्यावरही चालतो. त्याचे जेसन, म्हणजे यंत्राला वाचता येणारे, रूप अधिक श्रीमंत आहे: तेथे शून्य, डेटा आणि बॅकिंग फाइलींच्या साखळीतील खोली असे वेगवेगळे रकाने येतात, त्यामुळे क्यूकाऊ२ या क्यूएमूच्या स्वरूपातील, एकावर एक रचलेल्या इमेज तपासताना मी आजही तोच वापरतो. परंतु त्याचे साधे, माणसासाठीचे रूप शून्यांचे पट्टे गाळून फक्त भरलेले पट्टे दाखवते, आणि नेटवर्कवरून विचारताना क्यूएमूचा क्लायंट एका विनंतीला एकच पट्टा मागतो. ज्या डिस्कवर पट्टे हजारोंनी विखुरलेले आहेत तेथे प्रत्येक पट्ट्यासाठी जळगाव-धुळे अशी एक स्वतंत्र फेरी होते. एनबीडीइन्फो एका विनंतीत अनेक पट्ट्यांचे उत्तर स्वीकारते आणि शेजारचे एकाच प्रकारचे पट्टे जोडून छापते. मूळच्या पद्धतीत एका पट्ट्याचे वर्णन अवघ्या ८ बाइटमध्ये येते. वीस हजार पट्टे असले तरी सारा नकाशा सुमारे १६० केबीत मावतो. १०० जीआयबीची डिस्क पाठवायची की नाही हे ठरवण्यासाठी एवढा खर्च नगण्य आहे.

मोठ्या डिस्कच्या बाबतीत एक मर्यादा होती. जुन्या पद्धतीत विनंतीची लांबी ३२ बिटांत मांडली जात असल्यामुळे एका प्रश्नात ४ जीआयबीच्या आतलीच चौकशी करता येत असे. २ टीआयबीची पूर्ण रिकामी डिस्क असली तरी पाचशेहून अधिक प्रश्न विचारावे लागत. ६४ बिटांची विस्तारित पद्धत लिबएनबीडीच्या १.१८ आणि क्यूएमूच्या ८.२ या आवृत्त्यांत, २०२३ मध्ये, आली. दोन्ही टोकांना नवी आवृत्ती असेल तरच तिचा लाभ होतो. एक टोक जुने असेल तर दोघेही आपोआप जुन्या पद्धतीवर येतात आणि उत्तर तेच मिळते, फक्त थोडे सावकाश.

आयस्कझी, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची स्कझी प्रमाणकावर आधारित दुसरी पद्धत, वापरणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्कझी प्रमाणकात "गेट एलबीए स्टेटस" नावाची याच हेतूची आज्ञा आहे आणि एसजी३-यूटिल्स या संचातून ती चालवता येते. तिच्यातही ० या आकड्याचा अर्थ "जोडलेले, किंवा स्थिती अज्ञात" असा दुहेरीच आहे. म्हणजे कोऱ्या रकान्याचा प्रश्न एकट्या एनबीडीचा नाही. पण स्कझीच्या साधनांत तो दुहेरी अर्थ दस्तऐवजात तरी समोरच भेटतो, तर एनबीडीइन्फोच्या पडद्यावर तो "डेटा" या एका ठाम शब्दाखाली झाकला जातो. माझ्या मते या साधनाचा हा सर्वांत मोठा दोष आहे. तेथे "डेटा किंवा अज्ञात" असे छापले असते, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांचे दिवस वाचले असते. प्रोटोकॉल इतका काटेकोर असताना त्याचे तोंड असलेल्या साधनाने शब्दांत सैल राहू नये, असे मला कळकळीने वाटते.

दुसरी उणीव आकड्यांच्या वाचनीयतेची आहे. नुसते एनबीडीइन्फो चालवले तर डिस्कचा आकार बाइटमध्ये आणि शेजारी "१जी" अशा सुटसुटीत रूपातही दिसतो, परंतु मॅपच्या यादीत सारे आकडे बाइटमध्येच येतात. बारा अंकी संख्यांचा रकाना रात्री दोन वाजता वाचताना डोळे फसतात, आणि एक अंक चुकला तर दहापट चूक होते. यंत्राला वाचायचे असेल तर जेसन पर्याय आहेच. मग माणसासाठीच्या यादीत एमआयबी आणि जीआयबी छापण्याचा पर्याय द्यायला हरकत नव्हती. पडद्यावर रंग देण्याची सोय आहे आणि ती उपयोगी पडते, परंतु छापील कागदावर तिचा उपयोग नाही.

चालू मशीनच्या डिस्कबद्दल वेगळी सावधगिरी बाळगावी लागते. नकाशा काढला त्या क्षणी जे होल होते तेथे पुढच्या क्षणी मशीन काहीतरी लिहू शकते, आणि एनबीडीइन्फोला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून आम्ही रात्री मशीन बंद करूनच नकाशा काढतो. ज्यांना मशीन बंद करता येत नाही त्यांनी क्यूकाऊ२ इमेज आणि क्यूएमूचे डर्टी बिटमॅप यांचा मार्ग घ्यावा. त्या बिटमॅपचे नाव क्यूएमू-एनबीडी या क्यूएमूच्या एनबीडी सर्व्हरला सांगितले की एनबीडीइन्फो त्याच मॅप पर्यायाने, वेगळा संदर्भ देऊन, प्रत्येक पट्ट्यापुढे "क्लीन" किंवा "डर्टी" असे छापते, म्हणजे मागच्या बॅकअपनंतर कोणते पट्टे बदलले हे कळते. शिरपूरच्या एका शिक्षणसंस्थेत मी ही पद्धत बसवून दिली आणि तेथे रात्रीचा बॅकअप आता बदललेल्या पट्ट्यांपुरताच जातो. कारखान्यातही पुढच्या हंगामापूर्वी तेच करण्याचा विचार आहे.

आणखी एक बाब नवख्यांना अडवते. सर्व्हर जुना असेल किंवा ब्लॉक स्टेटस देतच नसेल, तर एनबीडीइन्फो रिकामा किंवा खोटा नकाशा छापत नाही; हा संदर्भ सर्व्हरकडे नाही असे स्पष्ट सांगून ती त्रुटीच्या संकेतासह थांबते. हे वर्तन मला फार आवडते. नियमानुसार सर्व्हरने ट्रिम केल्यानंतरही एखादा पट्टा भरलेला आहे असे सांगण्यास आणि ट्रिम न करताही होल सांगण्यास मुभा आहे. त्यामुळे एफएसट्रिम चालवले आणि टक्केवारी हलली नाही, तर साधनाला दोष देण्यापूर्वी खालचा सर्व्हर, इमेजचा प्रकार आणि फाइल सिस्टिम ट्रिम खरोखर पुढे नेतात का, हे क्रमाने तपासावे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. साध्या एनबीडी पत्त्यावर माहिती उघडी जाते; नकाशासुद्धा बाहेरच्याला पुष्कळ काही सांगतो. एनबीडीइन्फो टीएलएसचा, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीचा, पत्ताही स्वीकारते आणि आम्ही तोच वापरतो. घरच्या घरी एखादी इमेज तपासायची असेल तर सर्व्हर वेगळा चालवण्याचीही गरज नाही: चौकटी कंसांत क्यूएमू-एनबीडीची आज्ञा, केवळ-वाचनाच्या पर्यायासह, लिहिली की एनबीडीइन्फो स्वतः सर्व्हर सुरू करते, प्रश्न विचारते आणि काम झाले की तो बंद करते.

डेबियन आणि उबुंटूवर हे साधन "लिबएनबीडी-बिन" या पॅकेजमधून येते, तर एनबीडीएसएच हवे असल्यास "पायथॉन३-लिबएनबीडी" हे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. कारखान्यात रात्री साडेदहाला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी नकलेच्या आधी टोटल्सची ओळ काढून ती तारखेसह एका फाइलमध्ये साठवतो, आणि डेटाचे प्रमाण आदल्या दिवसापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वाढले तर नक्कल सुरू होण्याआधी मला संदेश येतो. मागच्या महिन्यात असा एक संदेश आला होता: वजनकाट्याच्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग चुकून त्याच डिस्कवर जाऊ लागले होते, आणि दिवाणजींच्या ते लक्षात येण्यापूर्वी, धुळ्याची जोडणी त्याने भरून जाण्यापूर्वी, ते दुसऱ्या डिस्कवर वळवता आले.